बावीस मेंढ्यांची चारशे लेकरं

"यावर तुमचा विश्वास बसणार नाही. कुणाचाच बसत नाही. जनावरांच्या डॉक्टरांना सांगितलं, तर त्यांनी माझाच ताप पाहिला. झाडांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आल्या होत्या, त्यांनी अर्धं पान लिहून घेतलं आणि मग हळूच पेनाला टोपण लावलं. गंमत अशी, की आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या आणि त्या सगळ्या लोकांना पटल्या. ही एकच गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे, तर ती कुणाच्या गळ्याखाली उतरत नाही."

असं मी ट्रकवाल्याला म्हणालो, कारण त्यानं विचारलंच तसं होतं.

कातरणी संपत आली होती. पत्र्याच्या शेडच्या दारात ताई टेबलापाशी उभी राहून लोकर निवडत होती, पाठीवरची चांगली एकीकडे, पोटाखालची मळकी दुसरीकडे. ताई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. चष्मा एवढा जाड, की त्यातून तिचे डोळे टरबुजाएवढे दिसतात, पण हात असे चालतात, की लोकरीलाच पळायला लागतं. तिच्या पायाशी दाजी, म्हणजे तिचे यजमान, दगडावर कातरींना धार लावत बसले होते. दाजी फारसे बोलत नाहीत. लग्नाला "हो" म्हणाले, त्यात इतके दमले, की अजून विश्रांती घेतायत. आणि ट्रकवाला शेडसमोरच्या झाडाखाली, ट्रकच्या पायरीवर टेकून, खाली पडलेली बोरं वेचून तोंडात टाकत होता. गठ्ठे बांधून व्हायला अजून तासभर होता. मला तासभर म्हणजे चंगळ.

"काका," तो बी थुंकून म्हणाला, "मी दहा ठिकाणची लोकर उचलतो. जिथं मेंढरं तिथं उघडी जमीन. झाडाचं पोर शिल्लक नसतं. आणि तुमच्याकडे मेंढरं पण आहेत आणि वर हे एवढं रानही. हे जमवलंत कसं?"

"नीट बस," मी म्हणालो.

"बसलोय की."

"पायरी धरून बस. मागच्या वेळी ऐकणारा पडला होता."

शेडमधून ताई म्हणाली, "थापाड्या, त्याला काम असेल."

"नाही हो काकू, गठ्ठे होईस्तोवर मोकळाच आहे," ट्रकवाला म्हणाला, आणि स्वतःच्या पायानं चालत माझ्या तावडीत आला.

तर ऐका. आमच्या बापानं वाटणी केली ती अशी: जमीन ताईला आणि मेंढरं मला. बाप हुशार माणूस. जमिनीला मेंढरं लागत नाहीत, पण मेंढरांना जमीन लागते, हे त्याच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. भावाबहिणीनं एकमेकांचं तोंड बघायला लागावं म्हणूनच त्यानं ते केलं असणार. मी मेंढरं घेऊन ताईच्या जमिनीवर राहिलो. मला बायको नाही, पोरंबाळं नाहीत. तेव्हा मेंढरं होती एकशे दहा आणि त्यांतली एकूण एक मला नावानं ओळखायची. म्हणजे मी त्यांना ओळखायचो. एकच झालं.

त्यांची पुढारीण होती मावशी. काळ्या तोंडाची, एक कान फाटका, आणि चालण्यात असा तोरा, की ताईसुद्धा तिला वाट द्यायची. मावशी जिकडं, कळप तिकडं. मावशी जे खाईल, ते कळप खाणार. आणि मावशी सगळं खायची. गवत खाल्लं, गवताची मुळं खाल्ली, झुडपं खाल्ली, एकदा दाजींची टोपी खाल्ली. दहा वर्षांत ती जमीन अशी बोडकी झाली, की उन्हाळ्यात तिच्यावरून चालताना पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. पाऊस पडला की पाणी थांबायचं नाही, मातीला बरोबर घेऊन निघून जायचं.

एक दिवस ताई जमिनीच्या मध्यावर उभी राहिली, चारी बाजूंना बघितलं, आणि मला म्हणाली, "एक तर मेंढरं राहतील, नाहीतर ही जमीन."

"दोन्ही राहू देत की," मी म्हणालो.

"राहू देत. मी झाडं लावते. चारशे. ओळीनं. मधून चरायला जागा. तुझ्या मेंढरांनाच सावली मिळेल, शेंगा मिळतील, खाली गवत टिकेल. पण झाडं मोठी होईस्तोवर तुझ्या मेंढरांनी त्यांना तोंड लावायचं नाही."

"ताई, मेंढीला तोंड लावू नको म्हणणं म्हणजे…"

"बरोबर एक वर्षानं मी मोजणार. चारशे झाडं उभी दिसली, तर मेंढरं इथंच. एक जरी कमी भरलं, तर डोंगरापलीकडचा व्यापारी येईल आणि कळप घेऊन जाईल."

"तीनशे नव्व्याण्णव भरली तर?"

"तर तो येईल."

तुम्ही ताईला ओळखत नाही. ती एकदा बोलली, की दगडावर कोरलं तरी दगड झिजेल. आणि डोंगरापलीकडचा व्यापारी मेंढरांचं काय करायचा, ते मी सांगत नाही, मावशीची नात तिथं उभी आहे, तिला ऐकू जाईल.

ताईनं रोपं बाहेरून आणली नाहीत. ओढ्याच्या काठाला अडचणीत, जिथं मावशीचं तोंड पोचलं नव्हतं, तिथं जुनी पाच-सात झाडं उरली होती. त्यांच्या शेंगा तिनं ओच्यात गोळा केल्या. "जे या मातीत आपलं आपण वाढत होतं, तेच परत वाढेल," म्हणाली. रंगाच्या, तेलाच्या, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत बिया रुजवल्या. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. दाजी रात्री कूस बदलायचे ते परवानगी घेऊन. पाऊस उघडल्यावर आम्ही तिघांनी रोपं लावली. सोळा ओळी, ओळीत पंचवीस. वरच्या बारा ओळी बाभळीच्या, खालच्या चार चिंचेच्या.

"बोरं नाही लावलीत?" ट्रकवाल्यानं विचारलं.

"बोर बांधावर आपोआप येतं, ताई म्हणाली, त्याला माझी गरज नाही. मध्ये बोलू नकोस, धागा तुटतो."

आता रोपाच्या बुडाशी काहीतरी आच्छादन पाहिजे, म्हणजे ओल टिकते. ताईनं म्हटलं, पोटाखालची मळकी लोकर कुणी घेत नाही, तीच गुंडाळू. लोकर दंव धरून ठेवते. मी म्हटलं, झकास, माळ्यावर दोन पोती आहेत. दाजींना सांगितलं, पोतं काढा आणि लागा कामाला. दाजींनी पोतं काढलं. कुठलं, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी बघितलं नाही. तिथं घोळ झाला.

त्या वर्षी कोकरांना हगवण लागली होती. बावीस कोकरं गेली, आठवड्याभरात. मावशीचंही गेलं. आमच्या धंद्यात एक रीत आहे. कोकरू मेलं, तर त्याची कातडी जपून ठेवायची. मग एखादं पोरकं कोकरू असलं, तर ती त्याच्या पाठीवर बांधायची आणि मेलेल्याच्या आईसमोर उभं करायचं. आई वास घेते. डोळ्यांवर तिचा भरवसा नसतो, नाकावर असतो. वास आपल्या लेकराचा, म्हणजे लेकरू आपलं. पाजते. मी बावीसच्या बावीस कातड्यांवरची लोकर उतरवून, प्रत्येक कोकराची वेगळी पुडी बांधून पोत्यात ठेवली होती, आईच्या नावाच्या खुणेसकट. त्या वर्षी पोरकं कोकरू एकही मिळालं नाही, म्हणून पोतं तसंच राहिलं.

दाजींनी तेच पोतं काढलं.

आणि दाजी म्हणजे शिस्तीचा माणूस. एक पुडी सोडायची, ती संपेपर्यंत रोपांना गुंडाळत जायचं, मग दुसरी. एका पुडीत अठरा रोपं झाली. बावीस अठरे किती?

"तीनशे शहाण्णव," ट्रकवाला म्हणाला. हिशेबाला पक्का दिसला.

उरलेल्या चार रोपांना दाजींनी अंगातला स्वेटर उसवून गुंडाळला. त्या चार रोपांकडे आजवर एकही मेंढी फिरकलेली नाही. वासाचं काम आहे ते सगळं.

दाजींनी धार लावता लावता नुसतं "हं" केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कळप सोडला. काठी घेतली होती, शिट्टी घेतली होती, ताईनं घरातला पत्र्याचा डबा घेतला होता वाजवायला. धुकं पडलं होतं. त्या धुक्यात, ट्रकवाले, चारशे पांढरी बुटकी पोरं ओळीनं उभी होती. एवढी मोठी जमीन आणि तिच्यावर नुसती कोकरं, कान टवकारून, गप्प. दंव लोकरीवर पडून प्रत्येकाला मोत्यांची टोपी. मी माझ्या हातानं लावलेली रोपं होती ती, तरी माझ्या अंगावर काटा आला. काठी हातातून कधी गळाली ते कळलं नाही.

मावशी पुढं होती. ती थबकली. मागचा सगळा कळप थबकला. तिनं नाक वर केलं. मग, कधी नव्हे ते, तोरा सोडून ती पळाली. सातव्या ओळीपर्यंत पळत गेली, चौथ्या रोपापाशी थांबली, आणि त्याला नाक लावून असा आवाज काढला, जो मेंढी फक्त एकाच वेळी काढते. घशातल्या घशात, तोंड न उघडता. नुकतं जन्मलेलं, ओलं कोकरू पुढ्यात असतं तेव्हा. तीस वर्षं मेंढरं राखली होती मी, झाडाशी कुणाला तसं बोलताना ऐकलं नव्हतं.

तिच्यामागून दुसरी गेली, तिसरी गेली. बावीसजणी. प्रत्येकीनं आपापली जागा बरोबर शोधली. ज्या बाईचं एक गेलं होतं, तिला अठरा मिळाली होती, आणि ती एकाला चाटून दुसऱ्याकडे, दुसऱ्याला चाटून तिसऱ्याकडे, अशी ओळीतून फिरत होती, कुणाचं राहायला नको म्हणून.

मी मागं वळून बघितलं तर ताई उभी. हातातला डबा तिनं वाजवलाच नाही. तिचा चष्मा धुक्यानं पांढरा झाला होता आणि ती तो पुसतही नव्हती.

"काय करतायत रे त्या?" तिनं हळूच विचारलं, देवळात बोलतात तशा आवाजात.

"पाजतायत," मी म्हणालो.

कारण त्यांची आचळं अजून आटली नव्हती ना. मावशी रोपाच्या अंगावर उभी राहिली, चार पायांच्या मध्ये ते रोप, आणि थेंब थेंब दूध त्या लोकरीत झिरपायला लागलं.

ट्रकवाल्यानं बोर तोंडाशी नेता नेता हात थांबवला. "काका, आता काहीतरीच."

"मी म्हटलं होतं, विश्वास बसणार नाही."

"दूध पिऊन झाड वाढलं?"

"ते तू त्यालाच विचार."

मग सगळं वर्षभर मला राखण करावी लागली नाही. बाकीच्या अठ्ठ्याऐंशी मेंढ्यांनी तोंड नुसतं रोपाच्या दिशेनं केलं, की त्याची आई मान खाली घालून धावून यायची. दोन मेंढे डोकं फुटून पडले, त्यांना टाके घालायला लागले. मधल्या पट्ट्यांत गवत चरायचं, ओळीला तोंड लावायचं नाही, हा कायदा कळपात महिन्याभरात पक्का झाला. जो कायदा ताईला चारशे काटेरी कुंपणांनी करता आला नसता, तो बावीस बायकांनी केला.

आणि जमीन, ट्रकवाले! आधी प्रत्येक रोपाभोवती हिरवं कडं उगवलं, बांगडीएवढं. लोकर दंव धरायची, दंव मातीत उतरायचं. मग ताटाएवढं झालं. मग एका कड्याला दुसरं कडं टेकलं. मी दर सकाळी जायचो आणि आदल्या दिवशी जिथं माती होती तिथं गवत असायचं. मला वाटायचं, मी झोपतो तेव्हा कुणीतरी येऊन हे शिवतंय. मेंढरांच्या लेंड्या पडत होत्याच, किडे आले, किड्यांमागं पाखरं आली. पाखरं मेंढ्यांच्या पाठीवर बसून रोपांकडं बघत बसायची, झाड कधी होतंय म्हणून. उन्हाळ्यात रोपं माझ्या गुडघ्याला आली. पुढच्या पावसात कमरेला. एवढुशा झाडाची सावली ती केवढी, पण दुपारी मेंढ्या त्या सावलीत नुसतं नाक ठेवून निजायच्या, सूर्य सरकला की नाक सरकवायच्या. उंचावरून बघितलं तर चारशे घड्याळं आणि चारशे काटे. मी तर त्यावरून जेवायची वेळ ठरवायचो.

बाभळीला पहिलं फूल आलं ते कसं होतं? तू बघितलंयस बाभळीचं फूल?

"पिवळं. गोंड्यासारखं."

"कशाच्या गोंड्यासारखं?"

त्यानं जरा विचार केला. "लोकरीच्या," तो म्हणाला. अशा ठिकाणी बोलू नये, हे मला कळतं.

मग वर्ष भरत आलं. मोजणीला चार दिवस राहिले आणि मावशी व्यायली. सगळ्यांत आधी तीच, कायम. ठणठणीत कोकरू, आईसारखं काळ्या तोंडाचं. आणि तेव्हा मला पहिल्यांदा घाम फुटला. कारण माझ्या लक्षात आलं, की आता हिला खरं लेकरू मिळालं. आता ही त्या खोट्या लेकराकडं बघेल कशी? आणि मावशी जे करील ते बाकीच्या एकवीसजणी करणार. मोजणी चार दिवसांवर आणि माझा कळप त्या एका फाटक्या कानाच्या बाईच्या मनावर टांगलेला.

मी तिच्यामागून गेलो. मावशी कोकराला घेऊन सातव्या ओळीत गेली. तिथं ही शेड नव्हती तेव्हा, शेड आम्ही नंतर बांधली, ही जागा तेव्हा उघडीच होती. चौथ्या झाडापाशी ती थांबली. झाडाकडं बघितलं. कोकराकडं बघितलं. पुन्हा झाडाकडं. मला डोंगरापलीकडच्या व्यापाऱ्याच्या गाडीचा आवाज ऐकू यायला लागला. आणि मावशीनं, ट्रकवाले, कोकराला नाकानं पुढं ढकललं, झाडाच्या बुडाशी उभं केलं, आणि आधी झाडाला चाटलं, मग कोकराला चाटलं. हा तुझा दादा, असं सांगितलं. कोकरू झाडाला टेकून बसलं. मी तिथंच मातीत बसलो आणि रडलो. हो, रडलो. मेंढीसमोर लाज कसली.

"आणि मग?"

"मग बाकीच्याही व्यायल्या, एकेक करून, आणि प्रत्येकीनं पोराला आणून थोरल्या भावंडांच्या पायांवर घातलं. तिथून आजपर्यंत या रानात जन्मलेलं कोकरू झाडाला तोंड लावत नाही. पडलेल्या शेंगा खातं, वाकलेली फांदी खातं, खोडाला हात नाही. रक्ताचं नातं आहे ते."

"आणि मोजणी?"

मोजणीच्या दिवशी मावशी मात्र नव्हती, तिचा पाय मुरगळला होता, तिला मी चार दिवस आत बांधून ठेवलं होतं. ताई सकाळी लवकर निघाली. एकटी. मला मागं दहा पावलांवर ठेवलं. प्रत्येक झाडाला हात लावायची आणि मोठ्यानं आकडा म्हणायची. एक. दोन. तीन. तिचा आवाज त्या शांत रानात असा घुमत होता, की मेंढ्या चरायच्या थांबून ऐकत होत्या. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. सहाव्या ओळीला दीडशे झाली. सातव्या ओळीत एकशे एक्कावन्न, बावन्न, त्रेपन्न. आणि चौथ्या झाडापाशी ती थांबली.

"का?"

"भरून आलं तिला. मावशीचं झाड ना ते! तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. खाली वाकली. पानाला हात लावला, पान उलटं करून बघितलं, मायेनं. किती वेळ वाकून होती ती! मग उभी राहिली, माझ्याकडं वळून बघितलं नाही, आणि म्हणाली, एकशे चोपन्न. आणि पुढं चालायला लागली. थेट चारशेपर्यंत. शेवटचं झाड झाल्यावर म्हणाली, राहू देत तुझी मेंढरं. बस. तेवढंच."

गठ्ठे बांधून झाले होते. कुणी उठलं नाही. वारा सुटला होता आणि डोक्यावरचं झाड सळसळत होतं. समोर त्या सोळा ओळी, आता छपरापेक्षा उंच झालेल्या, आणि त्यांच्या सावलीत मेंढरं निजलेली, नाकं सगळी एका बाजूला. ट्रकवाला मान वर करून फांद्यांमधून बघत होता. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं. इतक्या वर्षांत इतकं चांगलं तोंड कुणी उघडलं नव्हतं.

"चारशेच्या चारशे," तो हळूच म्हणाला. "एकही खाल्लं नाही."

"एकही नाही."

"आणि मावशीचं झाड कुठलं? शेड सातव्या ओळीत म्हणालात ना?"

"कुठलं म्हणजे काय! तू ज्याच्या खाली बसलायस तेच. हात लाव खोडाला. लाव. लोकर लागते की नाही हाताला?"

त्यानं खोडाला हात लावला, अगदी जपून, झोपलेल्याला लावतात तसा. मग त्यानं दुसऱ्या हाताची मूठ उघडली. मुठीत चार-पाच बोरं होती. त्यानं बोरांकडं बघितलं. वर झाडाकडं बघितलं. पुन्हा बोरांकडं.

"काका," तो म्हणाला, "वरच्या बारा ओळी बाभळीच्या म्हणालात."

"हो."

"ही सातवी."

"सातवी."

"मग मी मघापासून काय खातोय?"

मला वाटलं होतं, माझी गोष्ट तासभर तरी टिकेल. "त्याचं असं आहे," मी सुरुवात केली, "मेंढीच्या दुधात एक प्रकारची गोडी असते, आणि बाभळीला लहानपणी ती गोडी मिळाली, की पुढं फळ…"

"खोटं," ताई म्हणाली.

तिनं मान वर केली नव्हती. हात लोकरीतच होते.

"त्या बावीसजणींचं त्यानं सांगितलं ते खरं आहे, ट्रकवाले. मी डोळ्यांनी बघितलं ते. धुकं, दूध, ते घशातलं बोलणं, सगळं. एकवीसजणींनी पोरं व्यायल्यावरही तोंड लावलं नाही, तेही खरं. पण त्या मावशीनं झाडाला चाटलं नाही. तिनं ते खाल्लं. लोकरीसकट, बुडख्यापर्यंत. पाय मुरगळला म्हणे! बाकीची खाईल म्हणून बांधून ठेवली होती तिला. आणि हा बांधावरून बोर उपटून आणून तिथं खोचून मोकळा, वर तसलीच लोकर गुंडाळून. बोराचं पान खालून पांढरं असतं, थापाड्या, चष्मा नसता तरी बोटाला कळलं असतं मला."

दाजींच्या कातरीचा आवाज थांबला होता.

"मग काकू," ट्रकवाल्यानं विचारलं, "तेव्हा बोलला का नाहीत? एक कमी भरलं होतं ना?"

ताईनं हातातली लोकर चांगल्या ढिगात टाकली.

"मी चारशे झाडं मोजीन म्हणाले होते," ती म्हणाली. "कुठली, ते म्हणाले नव्हते."